लम्पीच्या दिवसांत आमच्या गोठ्यात आलेल्या शास्त्रज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्टेंबर २०२२ मध्ये, लम्पी या गुरांच्या साथीच्या त्वचारोगाच्या दिवसांत, तुम्ही कळव्याजवळ खारेगावला आमच्या गोठ्यात आलात, तेव्हा आभार मानायचं भान घरात कोणालाच नव्हतं. आमच्या चंद्री गायीच्या मानेवर आणि पाठीवर गाठी उठल्या होत्या, अंगात ताप होता, वैरणीला ती तोंड लावत नव्हती. उपचार जनावरांचे डॉक्टर करत होते. तुम्ही आलात संशोधनासाठी. तरी त्या दिवसांत घराला खरा धीर आला तो तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायचं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही हातमोजे घालून गाठीवरची सुटत आलेली खपली चिमट्याने अलगद काढलीत, बाटलीत टाकलीत, चिठ्ठी लावून बर्फाच्या डब्यात ठेवलीत. एका हाताने चंद्रीची गळवंड खाजवत होतात, म्हणून ती हललीसुद्धा नाही. बाबांनी विचारलं, रक्त का घेत नाही? विषाणू रक्तात थोडेच दिवस सापडतो, खपलीत मात्र भरपूर असतो आणि वाळलेल्या खपलीत महिनाभरही टिकू शकतो, असं तुम्ही सांगितलंत. त्याच दिवसापासून बाबा गळालेल्या खपल्या वेचून जाळू लागले. आजार डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो हे कळल्यावर चंद्रीला वेगळं बांधलं, रोज संध्याकाळी धूर सुरू केला. खाडीकाठच्या गावात डासांना काय तोटा!

लसीबद्दल बाबांच्या मनात मोठी शंका होती. गायीला शेळ्यांच्या देवीची लस कशी चालेल? दोन्ही विषाणू एकमेकांचे भाऊबंद, त्यामुळे एकाची लस दुसऱ्यापासून बरंचसं संरक्षण देते, हे तुम्ही ओट्यावर बसून समजावलंत. लस निरोगी जनावरालाच द्यायची, प्रत्येक जनावराला सुई नवी, आणि अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, तोवर गाफील राहायचं नाही. बाबांनी हे सगळं आळीतल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन सांगितलं.

दुधाचं संकट वेगळंच होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांमुळे रतीबाची कितीतरी घरं तुटली. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही, हे तुम्ही तुमच्या अक्षरात कागदावर लिहून दिलंत. तो कागद दाखवल्यावर बरीचशी घरं परत आली. हे तुमच्या कामात मोडत नव्हतं, म्हणून त्याचं मोल आम्हाला जास्त वाटतं.

आणि आजी. तिच्या लहानपणी बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाने, तिच्या माहेरची दावण रिकामी झाली होती. लम्पीचं नाव ऐकल्यापासून ती जेवत नव्हती. बुळकांडी २००६ मध्ये भारतातून आणि २०११ मध्ये अख्ख्या जगातून गेली, माणसाच्या देवीनंतर असा समूळ गेलेला तो दुसराच रोग, हे तुम्ही तिच्या शेजारी बसून सांगितलंत. जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली, पुढे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली, हेही आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आजीने तुमचा हात बराच वेळ सोडला नाही.

लम्पी भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात आढळला. आमच्या दारात यायला त्याला तीन वर्षं लागली, पण हिसार आणि इज्जतनगरच्या सरकारी पशुसंशोधन संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी रांचीच्या जनावरांतला विषाणू वेगळा करून, प्रयोगशाळेतल्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून तो सौम्य केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये खास लम्पीची लस जाहीरही केली. आम्हाला आजाराचं नावही ठाऊक नव्हतं, तेव्हा कोणीतरी त्यावर राबत होतं. तुम्ही त्याच माणसांपैकी. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्यांची नावं पेपरात फारशी येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चंद्री बरी झाली. कातडीवर व्रण राहिले, दूधही पहिल्याइतकं आलं नाही, पण पुढच्या वेताला तिला कालवड झाली. कालवडीची लस वेळेवर टोचली जाते आणि तारखा बाबा वहीत लिहून ठेवतात. तुमच्या अभ्यासाला त्या उपयोगी पडणार असतील तर वही खुशाल घेऊन जा. पुन्हा नमुने लागले तर नुसता निरोप द्या. तुमच्यासोबत भर पावसात बर्फाचा डबा सांभाळत आलेल्या दादांनाही आमचा नमस्कार सांगा.

आपला कृतज्ञ,
खारेगावचा एक दूधवाला