काका, शेड जागची हलली नाही

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

मिरगापासून हस्तापर्यंत सगळी नक्षत्रं छपरावरून गेली आणि तुमच्या सल्ल्याने बांधलेली शेड उभी आहे. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात. पैसे तर घेतलेच नाहीत. "कोणी विचारलं तर त्याला सांग," म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्याकडे दापोलीपासून राजापूरपर्यंत कोणी ना कोणी पत्र्याच्या शेडचा भाव काढत असतो. त्याला समजावून सांगणारं माणूस मिळतंच असं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या परसातली जुनी शेड गेली ते तुम्ही पाहिलं होतंत. वडिलांची फियाट तिच्याखाली होती. वासा पडून काच फुटली आणि पुढचे चार महिने गाडी ताडपत्रीखाली भिजत राहिली. ती पुन्हा उभी करायची, आणि अशा आणखी गाड्या हाती घ्यायच्या, हे तेव्हाच ठरवलं. पण पुन्हा तसंच छप्पर घालायचं नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मी २० बाय २५ चा नकाशा पुढे ठेवला. दोन गाड्या मावतात, हिशेब झाला, असं माझं म्हणणं. तुम्ही चुन्याची फक्की मागितलीत आणि खळ्यात फियाटचा आकार आखलात, १३ फूट लांब आणि ५ फूट रुंद. मग दोन्ही बाजूंना दारं उघडायला तीन-तीन फूट. पुढे इंजिन उचलून काढायला पाच फूट. मग मला विचारलंत, "काढलेली दारं, बॉनेट, सीटा, काचा, डॅशबोर्ड कुठे ठेवशील?" मी ती त्या चौकोनाबाहेर मांडत गेलो आणि खळं संपलं. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते. हे मी रोज बघतो, तरी नकाशा काढताना सुचलं नव्हतं. त्या दिवशी शेड २५ बाय ४० ची झाली. लिफ्टवर सहा फूट उचललेली गाडी आणि तिची स्वतःची पाच फूट उंची धरून बाजूची उंची १३ फूट ठरली. दार पूर्वेला, कारण पाऊस पश्चिमेकडून येतो. वाढलेला खर्च भरून काढायलाही तुम्हीच सांगितलंत. खालची चार फूट भिंत घरच्या चिऱ्यांची, वर पत्रा. पत्र्याला आतून घाम येतो आणि तो थेंब ताज्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हातावर, पडला की काम वाया जातं. पण त्यासाठी सगळ्या छपराला इन्सुलेशन नको, फक्त रंगाच्या खोलीवर पुरे.

मग भावाची गोष्ट. माझ्याकडे दोन कोटेशनं होती. एक चौरस फुटाला ३४० रुपये, दुसरं ५४०. मी पहिल्याला ॲडव्हान्स द्यायला निघालो होतो. तुम्ही दोन्ही कागद बघून एकच विचारलंत, "किलो किती?"

शेड फुटावर विकतात, पण ती बनते किलोवर. हे वाक्य मी आता येईल त्याला सांगतो. तुम्ही माझ्याकडून दोघांनाही फोन करवलात आणि प्रत्येक पाइपचं माप, जाडी, नग लिहून घेतलेत. मीटरमागे वजनाचा तक्ता तुमच्या खिशातल्या वहीतच होता. पहिल्याच्या सांगाड्याचं लोखंड २१०० किलो भरलं, दुसऱ्याचं ३०००. पहिल्याचा पत्रा ०.३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ०.५०. पहिल्याच्या भावात जीएसटी नव्हता, पन्हळ नव्हती, वाहतूक नव्हती, आणि रंग म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात. तुम्ही कमी पडणारं ९०० किलो लोखंड, जाड पत्रा, १८ टक्के जीएसटी, पन्हळ, वाहतूक असं एकाखाली एक मांडत गेलात आणि ३४० चे ५६० झाले. पाया आणि कोबा दोघांच्याही भावात नव्हता. तो वेगळा धरायचा असतो हेही मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, कमी लोखंडात भागत नाही का? तुम्ही वाऱ्याचा हिशेब मांडलात. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा जोर लावतो, वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. छपराचा पत्रा मात्र चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही. दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. आमच्या छपराचे ९३ चौरस मीटर धरून आकडा चार टनांच्या वर गेला, आणि सांगाड्याचं लोखंड तीन टन. "पाया शेडचा भार पेलायला असतो तसा तिला खाली धरून ठेवायलाही असतो," म्हणालात. जुनी शेड का गेली ते मला इतक्या वर्षांनी समजलं. आम्ही खांब नुसते मातीत पुरले होते.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते तुम्ही फियाटपाशी बसलात ते. दाराखालच्या सिलला बोट लावलंत आणि बोट आत गेलं. बाहेरून रंग शाबूत, आतून पत्र्याचा भुगा. मी सांगत होतो की हा भाग बंद डब्यासारखा असतो, पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट मिळत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुझ्या शेडचा पाइप तरी वेगळा काय आहे?" त्यानंतर प्रत्येक पाइपचं तोंड वेल्डिंगने बंद झालं, खांबाच्या तळाची बेसप्लेट जमिनीच्या फूटभर वर, काँक्रीटच्या ओट्यावर आली. समुद्र इथून दीड किलोमीटरवर आहे. घासून उघडा केलेला पत्रा इथे रात्रीत तांबूस होतो हे मला माझ्या कामातून माहीत होतं. तेच शेडलाही लागू आहे, हे तुम्ही दाखवलंत.

उभारणीच्या वेळी तुम्ही कामावरच्या पोराच्या हातातला ग्राइंडर काढून कातर दिलीत तेव्हा तो नाराज झाला होता. ग्राइंडरने पत्र्याच्या कडेचा लेप जळतो आणि उडालेल्या ठिणग्यांचे कण जिथे चिकटतात तिथे गंजाचे ठिपके उठतात. तो पोरगा आता स्वतःच दुसऱ्यांना हे सांगतो. स्क्रू फार आवळू नको, रबराचा वॉशर चिरतो, हेही.

लोखंडाचा ट्रक आला त्या दिवशी तुम्हाला ताप होता. तरी फोन करून सांगितलंत, "भरलेला काटा आणि रिकामा काटा, दोन्ही चिठ्ठ्या घेतल्याशिवाय सही करू नकोस." वजनात ६० किलो कमी भरलं आणि तेवढे पैसे बिलातून वजा झाले. रक्कम मोठी नव्हती. पण तापात पडलेल्या माणसाला माझ्या शेडचं वजन आठवत होतं, हे मी विसरणार नाही. लोट्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं शेडी उभ्या करून निवृत्त झालेल्या माणसाने कोणा नवशिक्यासाठी एवढं करावं, असं काही देणं तुम्ही आमचं लागत नव्हतात.

फियाटचे दोन्ही सिल नवीन बसले. या वेळी आतून मेण मारलंय आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवलीत. पुढच्या महिन्यात रंग.

एक काम मात्र राहिलंय. जुलैच्या मोठ्या पावसात पश्चिमेची पन्हळ ओसंडली आणि पाणी चिऱ्याच्या भिंतीवर आलं. चाळीस फुटांना एकच उतरता पाइप पुरत नाही, असं मला वाटतं. दुसरा कुठे घ्यायचा, मधे की टोकाला, ते तुम्ही बघितल्याशिवाय भोक पाडणार नाही. दिवाळीआधी एक दिवस या. मी आणायला येतो.

तुमचा,
फियाटवाला