दोन भागांवरचा निकाल

एडिसन, न्यू जर्सी
सप्टेंबर 2025

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगण्याजोगी नाही आणि घरात सांगितली तर "एवढेच ना?" असे उत्तर येते, म्हणून तुला सविस्तर लिहायला बसलो आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादन यंदा एका तरुण गृहस्थांकडे आले आहे. टीव्हीवरच्या नव्या आणि नव्या हंगामासाठी परतलेल्या मालिकांवर मी दोन पाने लिहावीत, असा त्यांचा आग्रह आहे. प्रत्येक मालिकेला चार ओळी आणि त्याखाली पाचपैकी तारे. अंक वेळेत छापून यायचा असल्यामुळे नव्या मालिकांचे फार तर दोन भाग पाहून होतील, पण "तेवढे पुरतात, काका" असे त्यांनी मला प्रेमाने समजावले. परतलेल्या मालिकांना तर चार ओळीही नकोत, एकच पुरेल, कारण त्यांच्याविषयी लोकांचे मत आधीच बनलेले असते असे त्यांचे म्हणणे. मी अजून होकार दिलेला नाही आणि नकारही देववत नाही.

तू हसशील. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षणांची कात्रणे जपणाऱ्या माणसाला अखेर स्वतःचे पान मिळते आहे आणि तो कुरकुर करतो आहे, असे तू वहिनींना वाचून दाखवशील, हेही मला माहीत आहे. पण ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात लंडनच्या शिळ्या 'ऑब्झर्व्हर' वर्तमानपत्रासाठी आपण दोघे कसे टपून बसायचो ते आठव. क्लाइव्ह जेम्स 1972 ते 1982 अशी दहा वर्षे त्या पत्रात टीव्हीवर लिहीत होता. ज्या मालिका पुण्यात दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती, त्यांच्यावरचे निकाल आपण पाठ करायचो आणि परत येताना त्यांवर भांडायचो. तू म्हणायचास की मालिका न पाहताही जे वाचायला मजा येते तेच खरे परीक्षण, निकाल गौण आहे. मी म्हणायचो की निकालच नसेल तर ते नुसते चुरचुरीत लेखन झाले. नाना मध्ये पडून म्हणाले होते की तुम्ही दोघे साक्षीदार नसलेल्या खटल्याचे वकील आहात. त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही, आणि आता तो मलाच दोन पानांत लावायला सांगितला आहे.

एक फरक तेव्हा आपल्या ध्यानात आला नव्हता. लंडनचे ते परीक्षक बहुतेक वेळा कार्यक्रम होऊन गेल्यावर लिहीत, म्हणजे वाचकानेही तो पाहिलेला असे आणि लेख हा दोघांच्या गप्पांचा दुसरा दिवस असे. अमेरिकेतली रीत उलटी आहे. येथे वाहिन्या परीक्षकांना सुरुवातीचे भाग आगाऊ पाठवतात. पूर्वी कॅसेट यायच्या, मग डीव्हीडी आल्या, आता नुसता दुवा येतो. शिवाय वर्षानुवर्षे कॅलिफोर्नियात वर्षातून दोनदा त्यांची परिषद भरत असे, तिथे निर्माते आणि नटमंडळी त्यांच्यापुढे बसून प्रश्नांना उत्तरे देत. त्यामुळे येथला निकाल हा प्रेक्षकाने काही पाहण्याआधीचा निकाल असतो आणि तो एकदोन भागांवर बेतलेला असतो. 1999 साली मी तुला 'द सोप्रानोज' या मालिकेवरची कात्रणे पोस्टाने पाठवली, तेव्हा तू उलटटपाली लिहिले होतेस की कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलगी पाहून तिच्या पुढच्या सहा वर्षांचे भाकीत करणाऱ्या आत्याबाईंची ही जात आहे. ते पत्र मी रागाने फाडले होते, पण वाक्य विसरलो नाही.

तुझ्या वाक्याला उत्तर मला येथल्याच वर्तमानपत्रात मिळाले, हे मात्र तुला कबूल करावे लागेल. नेवार्कच्या 'स्टार-लेजर'मध्ये ॲलन सेपिनवॉल 1996 पासून 2010 पर्यंत टीव्हीवर लिहीत होता आणि मॅट झोलर साइट्सही त्याच पत्रात होता. त्या मालिकेतला टोनी सोप्रानो झगा घालून घरासमोर उचलायला जातो तो पेपर हाच, त्यामुळे पडद्यावरचा गुंड आणि मी सकाळी एकच काम करत असू. सेपिनवॉल पहिल्या भागावर मत देऊन मोकळा होत नसे. तो आठवड्यामागून आठवडा त्या मालिकेबरोबर राहायचा, कुठे ताणले गेले, कुठे सावरले, हे लिहायचा आणि स्वतःचे आधीचे मत बदलले की तेही सांगायचा. 10 जून 2007 च्या रात्री 'द सोप्रानोज'च्या शेवटच्या भागात पडदा अचानक काळा झाला आणि सारा देश टीव्हीची तार तपासू लागला, तेव्हा निर्माता डेव्हिड चेस फ्रान्सला निघून गेला होता. त्याने त्या सुमारास मुलाखत दिली ती एकट्या सेपिनवॉलला, न्यू यॉर्कच्या एकाही बड्या पत्राला नाही, आणि तीतही शेवटाचा अर्थ सांगायला साफ नकार दिला.

'स्टार-लेजर' यंदा 2 फेब्रुवारीच्या रविवारच्या अंकानंतर छापून निघायचे बंद झाले. संकेतस्थळ चालू आहे, पण छापील पान गेले. येथे कोणाला हे सांगितले तर तो मोबाइल काढून दाखवतो. परीक्षक उरले नाहीत असे नाही, रग्गड आहेत. पण 'रॉटन टोमॅटोज' नावाच्या संकेतस्थळावर त्या सगळ्यांची मते एकत्र करून त्यांचा एक टक्का काढला जातो. शंभरात साठ किंवा त्याहून अधिक जणांना बरे वाटले तर टोमॅटो ताजा, नाहीतर सडका. आमच्या संपादकांचे तारे त्याच मळ्यातले आहेत.

माझा खरा घोर परतलेल्या मालिकांचा आहे. 'पार्क्स अँड रिक्रिएशन' एप्रिल 2009 मध्ये आली, तेव्हा तिचे सहाच भाग झाले आणि 'द ऑफिस'ची फिकट नक्कल म्हणून बहुतेकांनी ती बाजूला सारली. त्या उन्हाळ्यात लेखकांनी नायिकेचा भाबडेपणा कमी करून तिला कामात तरबेज केले, आणि सप्टेंबरात ती परतली तेव्हा त्याच परीक्षकांनी ती आता पाहण्याजोगी झाली आहे असे लिहिले. पुढे ती सात हंगाम चालली. 'फ्रायडे नाइट लाइट्स'चे उलट झाले. 2006 चा पहिला हंगाम सगळ्यांनी डोक्यावर घेतला, दुसऱ्यात एका खुनाचे कथानक घुसवले आणि कौतुक करणारेच हळहळले, लेखकांच्या संपामुळे तो हंगाम अर्धवट राहिला, आणि 2008 च्या तिसऱ्या हंगामात मालिका पुन्हा रुळावर आली. आता सांग, यांतल्या कोणत्या वर्षीचा तारा खरा? आमच्या अंकात या दोन्हींना मिळून दोनच ओळी आल्या असत्या.

'द वायर'वरून आपण फोनवर जे भांडलो, त्यातला तुझा मुद्दा मी आता मान्य करतो, मात्र तुझ्या त्या हेटाळणीच्या सुराशिवाय. पोलीस, गोदी, राजकारण आणि शाळा असे चार हंगाम परीक्षकांनी वाखाणले. 2006 चा शाळेचा हंगाम तर सर्वोत्तमांत धरला गेला. 2008 मध्ये पाचव्या हंगामात बॉल्टिमोरच्या वर्तमानपत्राची कचेरी आली, आणि निर्माता डेव्हिड सायमन स्वतः त्याच 'बॉल्टिमोर सन'चा जुना बातमीदार असूनही, पुष्कळ पत्रकारांनी लिहिले की ही कचेरी खरी वाटत नाही, माणसे फार काळीपांढरी आहेत. गोदीतले हमाल आणि शाळेतले मास्तर खरे आहेत की नाहीत, याची शहानिशा त्याआधी कोणाला सुचली नव्हती. तू म्हणाला होतास की परीक्षक आपल्या घरापुरताच जाणकार असतो. मी त्यात एवढेच जोडेन की तो हंगाम खरोखरच उणा होता.

परीक्षकाने कोणाची बाजू घेऊन उभे राहावे का, हा आपला आणखी एक जुना वाद. 2009 च्या वसंतात 'चक' बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा सेपिनवॉलने एनबीसी वाहिनीला उघडे पत्र लिहिले की हिला वाचवा, आणि चाहत्यांनी प्रायोजक असलेल्या सबवेच्या दुकानांत रांगा लावून सँडविचे विकत घेतली. मालिका वाचली. त्याच्या जागी मी असतो तर पत्र लिहिले असते का, हे मला सांगता येत नाही, पण तुझा 'सँडविचचा दलाल' हा शेरा तेव्हाही अन्यायाचा होता आणि आजही आहे.

आता मराठीचे. संपादकांना आपल्याकडच्या मालिकाही हव्या आहेत, आणि तिथे माझी पुरती पंचाईत होते, कारण त्यांना हंगामच नाहीत. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. पहिल्या आठवड्यावरचा निकाल तिच्या हजाराव्या भागाला कसा लागू व्हावा? रोज रात्री चालणाऱ्या गोष्टीचे परीक्षण रोज पाहणाऱ्यानेच करावे, आणि रोज पाहणारा तुझ्याशिवाय माझ्या ओळखीत कोणी नाही. वहिनींसाठी पाहतो, हे तुझे कारण मी कधीच खरे मानलेले नाही.

वहिनींच्या मोतीबिंदूचे काम नीट झाले हे धाकट्याकडून कळले, फार बरे वाटले. सोसायटीच्या पुनर्बांधणीत तुला कोणता मजला मिळाला ते कळव. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघ्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

मी संपादकांपुढे असा प्रस्ताव ठेवणार आहे की तारे नकोत, नव्या मालिकांपैकी दोनच घ्याव्यात, आणि उरलेली सगळी जागा परतलेल्या मालिकांना द्यावी, म्हणजे पहिल्या हंगामी काय वाटले होते आणि आता काय वाटते हे दोन्ही लिहिता येईल. मराठीचे अर्धे पान तू लिहावेस. सध्या चालू असलेली कोणतीही एक मालिका घे, मात्र तू ती पहिल्या भागापासून पाहिलेली असली पाहिजे, आणि निकाल दिल्याशिवाय लेख संपवायचा नाही. तुला हे मान्य नसेल तर तसे स्पष्ट लिही, म्हणजे मी त्या गृहस्थांना रविवारी नकार कळवून टाकीन, कारण एकट्याने चार ओळींचे आणि पाच ताऱ्यांचे काम करायची माझी तयारी नाही. मजकूर हाताने लिहिलेला असला तरी चालेल. फोटो काढून पाठव, टंकन मी करीन.

तुझा,
अण्णा