मंत्रिमहोदय, 200 रुपयांत गेलेले घर परत कसे आणायचे ते सांगा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय: ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23, बक्षीसपत्रे आणि कागदावरच राहणारे आदेश

महोदय,

सप्रेम नमस्कार. ज्येष्ठांचे अर्ज लिहून देणे, कागद लावून देणे आणि तारखेला त्यांच्याबरोबर उभे राहणे हे काम पुण्यात करणाऱ्या कार्यकर्त्यांचे हे पत्र आहे. निमित्त ताजे आहे. ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका न्यायाधिकरणाने नुकताच ऐंशीच्या घरातल्या एका बाईंचा अर्ज फेटाळला. राहता फ्लॅट त्यांनी मुलाला बक्षीसपत्राने, म्हणजे हयातीतच विनामोबदला, दिला होता. पुढे औषधे थांबली, मग गॅस, मग स्वयंपाकघरालाच कुलूप लागले. हे सगळे सुनावणीच्या रोजनाम्यात नोंदवलेले आहे. निकालाचे कारण मात्र एका ओळीचे: दस्तात सांभाळ करण्याची अट नमूद नाही. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर अधिकाऱ्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. आमचा राग त्याच्यावर नाहीच.

कलम 23 म्हणते की, कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठाने बक्षीस म्हणून किंवा अन्य मार्गाने मालमत्ता दिली, घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवाव्यात अशी अट त्या व्यवहाराला होती आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झाला असे मानून रद्द ठरवता येतो. कायदा 2007 चा, महाराष्ट्रात लागू 1 मार्च 2009 पासून. ती अट दस्तात नसेल तर? डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अट होती हे दाखवावे लागेल, सिद्धही करावे लागेल. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले की हा कल्याणकारी कायदा आहे, तो उदारपणे वाचा. पण तिथे मुलाने आईला लिहून दिलेले वचनपत्र हाताशी होते. दोन्ही पीठे दोन-दोन न्यायमूर्तींची. त्यामुळे मुलाचा वकील पहिला निकाल पुढे करतो, आम्ही दुसरा. आणि आमच्या आजींकडे वचनपत्र नसते. पोटच्या पोराकडून कोण लिहून घेतो?

आता तो दस्त कसा तयार होतो ते पाहा. आधी देणार आणि घेणार यांची नावे, मग मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, आणि मग ठरलेला मजकूर: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता. हा मजकूर टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच पडलेला असतो, बदलतात फक्त नावे. त्यात सांभाळाचा शब्द येत नाही, कारण दस्त करणारा वकील घेणाऱ्याने आणलेला असतो आणि त्याची फीही घेणाराच देतो. नंतर दुय्यम निबंधकासमोर टोकन, फोटो, अंगठा, आधार, दोन ओळखदार. 'दस्त मान्य आहे ना?' असे विचारले जाते तेव्हा मुलगा खुर्चीच्या मागे उभा असतो. आजी मान हलवतात. पाच मिनिटांत हातात पावती आणि थोड्या वेळाने इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा.

खर्च किती? राहते घर मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. सवलत चांगल्या हेतूने दिली असेल, नाही म्हणत नाही. पण सरकारने घर देणे स्वस्त केले, आणि देणाऱ्याला सावध करायला कागदाचा एक चिटोराही ठेवला नाही. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. हे त्या खुर्चीवर बसलेल्या बाईंना कोणीतरी सांगायला नको का? घाई नेहमी बक्षीसपत्राचीच का असते, याचे उत्तर यातच आहे.

नोंदणी कायद्याच्या कलम 31 खाली गृहभेटीची सोय आहे. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घर नावावर करून घ्यायचे तर सरकार त्याच्या पलंगापाशी येते. तेच घर परत मागायचे तर त्या माणसाने प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिसचा जिना चढायचा.

बक्षीसपत्र हा एकच मार्ग नाही. वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपासच हक्कसोडपत्राचा विषय निघतो. 'आई, पुढे तुला सह्यांचा त्रास कशाला' असे म्हणत आईचा हिस्सा विनामोबदला मुलांकडे जातो, आणि ज्या घरात तिने चाळीस वर्षे काढली तिथे ती कायद्याने पाहुणी होते. पुण्यात तर आता पुनर्विकासाचा हंगाम आहे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कुठेही जा. नव्या फ्लॅटचा करारनामा होण्याआधीच मुलगा म्हणतो, 'आत्ताच माझ्या नावावर करू, पुन्हा खर्च नको.' मग बिल्डरचे दरमहा भाडे मुलाच्या खात्यात, कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांचा, चेकही त्याच्याच नावे. आई-वडील दोन-तीन वर्षे कुठेतरी भाड्याच्या खोलीत, आणि चावी मिळायच्या दिवशी कळते की नव्या घरात त्यांची खोलीच नाही. बिल्डरने काही बेकायदा केलेले नसते. त्याने कागदावरचे नाव पाहिलेले असते.

बँकेतले प्रकार याहून शांतपणे होतात. बचत खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असते, दोघांपैकी कोणीही पैसे काढले तरी बँकेला गैर काही दिसत नाही. त्यात खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्याला, काढल्याचाही त्यालाच. आजोबांना कळते पासबुक भरल्यावर. याचे उपाय साधे आहेत. शाखेत लेखी अर्ज देऊन नंबर स्वतःचा करा, खाते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या म्हणजे पहिले नाव हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच सहीने होतील, कार्ड आणि नेटबँकिंग वापरत नसाल तर बंद करा. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) दिले असेल तर नुसते 'रद्द केले' म्हणून भागत नाही. ते नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवावा आणि त्याची नोटीस मुखत्याराला, बँकेला आणि सोसायटीला पोच घेऊन द्यावी. सही थरथरते म्हणून बँक परत पाठवत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो; आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितले आहे. काउंटरवर विचारून पाहा, साहेब. 'आमच्याकडे अशी सोय नाही' हे उत्तर पाठ झाले आहे.

बरे, एवढे होऊनही अर्ज केला. न्यायाधिकरण म्हणजे प्रांत. त्यांच्याकडे भूसंपादन, निवडणूक, पालखी, पूर आणि मंत्र्यांचे दौरे, यातून जो वेळ उरेल तो ज्येष्ठांचा. कलम 5 मध्ये 90 दिवसांची मुदत आहे आणि आपल्या विभागाच्या पत्रकांत ती ठळक छापलेली असते. त्यातल्या दोन गोष्टी छापत नाहीत. एक, ते 90 दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात. नोटीस जाते आई राहते त्याच घराच्या पत्त्यावर, मुलगा तिथेच राहतो, आणि पाकीट परत येते 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा घेऊन. घड्याळ सुरूच होत नाही. दोन, ती मुदत निर्वाहभत्त्याच्या अर्जाला आहे. कलम 23 खाली घर परत मागणाऱ्या अर्जाला मुदतच नाही. तोवर मुलगा त्याच फ्लॅटवर कर्ज काढून मोकळा होतो. म्हणून आम्ही अर्जातच विक्री आणि गहाणाला मनाई मागतो आणि पोच घेतलेली प्रत त्याच दिवशी सोसायटीला देतो. हे शहाणपण सरकारने शिकवलेले नाही.

निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. ती 2007 ची. आज पुण्यात चोवीस तासांच्या मदतनीस बाईंचा पगारच त्याच्या दुपटीच्या घरात जातो, डायपर आणि औषधे वेगळी. ही मर्यादा काढणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबरच विसर्जित झाले. ऐंशीपुढच्यांचे अर्ज 60 दिवसांत निकाली काढू, प्रत्येक पोलिस ठाण्यात ज्येष्ठांसाठी नेमलेला अधिकारी देऊ, अशी आश्वासने त्यात होती. वाट पाहणाऱ्यांपैकी किती जण तोवर गेले याची नोंद कुठे ठेवतात?

आदेश मिळाला तरी पुढे पोलिस ठाणे आहे. 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' अहो, हा कोर्टासारखाच आदेश आहे, कलम 27 ने या बाबींत दिवाणी न्यायालयाला मनाई आहे, असे सांगितले की हवालदार आमच्याकडे पाहतो ते आम्ही त्याला फसवतो आहोत अशा नजरेने. कलम 24 खाली ज्येष्ठाला टाकून देणे हा दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा तीन महिने किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. ठाण्यात मात्र एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती मिळते. युक्तिवाद असा की म्हातारी घरातच आहे, मग टाकून दिली कुठे? उपाशी ठेवणे, पासबुक काढून घेणे, फोन लपवणे याला या कायद्यात गुन्ह्याचे नावच नाही.

एक बाजू आम्ही लपवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या एस. वनिता निकालापासून सुनेचा राहत्या घरावरचा हक्क या कायद्याने सरसकट पुसता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सासऱ्याच्या अर्जाआडून सुनेला बाहेर काढणारे मुलगेही आम्ही पाहिले आहेत. पण ज्येष्ठाचा आणि सुनेचा असे दोन्ही अर्ज एकत्र ऐकून दोघांनाही छप्पर मिळेल असा आदेश देण्याचे प्रशिक्षण प्रांतांना कोणी दिले? कोणी नाही.

खरे दुखणे हे आहे की कायदा तुमच्या खात्याचा, न्यायाधिकरण महसूलचे, दस्त नोंदणी खात्याचा, अंमल गृहखात्याचा. चारही खात्यांत विचारले की पाचवे दाखवतात. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, नोंदणी महानिरीक्षकांचे कार्यालयही पुण्यातच आहे, रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर. ती रिक्षा आजवर कोणी केली नाही. 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, मात्र सगळी खाती एकाच मांडवात असतात: शाल, श्रीफळ, 'ज्येष्ठ हे आमचे वैभव'. वयोश्री योजनेतून एकदाच 3,000 रुपये, पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. एसटीचे आभार. तालुक्यातून तारखेला येणाऱ्यांची तेवढी सोय झाली. 2011 च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे 1 कोटी 11 लाख होते. आज किती, हे तुम्हीच सांगा. मतदार म्हणून ते बरोबर मोजले जातात, पंच्याऐंशीपुढच्यांच्या घरी मतपेटीसुद्धा जाते. मतासाठी घरी येता येते, साहेब. सुनावणीसाठी नाही.

दिल्लीचे दिल्लीला विचारू. मुंबईत बसून करता येण्याजोगे एवढे करा. महसूलमंत्र्यांशी बोलून नोंदणी खात्याचे परिपत्रक काढा: देणारा साठीपुढचा असेल तर निबंधकाने घेणाऱ्याला बाहेर बसवून त्याच्याशी मराठीत बोलायचे, मृत्युपत्राचा पर्याय सांगायचा आणि नमुना दस्तातला हा परिच्छेद दाखवायचा: 'देणार यांनी तहहयात सदर मिळकतीत राहण्याचा व उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला आहे. घेणार यांनी देणार यांचे अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व सेवेचा खर्च करावयाचा आहे. या अटीवरच हे बक्षीस दिले असून कसूर झाल्यास ते रद्द होण्यास पात्र राहील.' नको असेल तर 'समजावून सांगितले, अट नको' असे देणाऱ्याने स्वतः लिहावे. हक्कसोडपत्रालाही हेच. अडीच ओळींचा मजकूर आहे, त्याला निविदा काढावी लागत नाही.

प्रांतांना ज्येष्ठांसाठी आठवड्याचा एक वार ठरवून द्या, आणि तो वार दौऱ्यासाठी मोडायचा नाही. नोटीस टपालाने नव्हे तर तलाठ्यामार्फत बजावा. नाकारली तर पंचनामा करून दारावर चिकटवा आणि तिथून दिवस मोजा. चालता न येणाऱ्याचा जबाब घरी जाऊन घ्या. प्रत्येक आदेशात अंमलबजावणी कोण करणार, त्या अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहा. गृहखात्याकडून कलम 24 वर एक लेखी सूचना काढून घ्या. एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवून महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी, असे केंद्राच्या नमुना नियमांत पोलिसांना सांगितलेले आहे. पुण्यातल्या कोणत्या ठाण्याची यादी कधी अद्ययावत झाली ते जाहीर करा.

उत्तर पाठवणार असाल तर 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे' हे छापील उत्तर पाठवू नये. त्याच्या प्रती आमच्याकडे पुरेशा आहेत. परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक कळवावा.

आपले,
ज्येष्ठ नागरिक साहाय्याचे काम करणारे कार्यकर्ते,
पुणे

प्रत: मा. महसूल मंत्री, मा. गृहमंत्री, समाजकल्याण आयुक्त, पुणे, नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे