रोहिडा हिरवळीत लावू नका

महोदय,

कालच्या पुरवणीत रोहिड्यावर लेख आला, त्याबद्दल आभार. मात्र सोबतचे छायाचित्र पाहून राहवले नाही. हिरवळीच्या मधोमध रोप, बुंध्याला चिकटून ठिबकच्या दोन तोट्या, आळ्यात काठोकाठ शेणखत. रोहिडा मरतो तो नेमका असाच. थर वाळवंटाच्या वाळूत वर्षाला १५० ते ५०० मिलिमीटर पावसावर जगणारे हे झाड. हिरवळीचे रोजचे पाणी त्याची मुळे कुजवते. पाने पिवळी पडून माना टाकतात, माळ्याला वाटते झाड तहानले, आणि तो आणखी पाणी सोडतो.

काळ्या मातीत खड्डा खणून वाळू भरा, हा सल्लाही घातक आहे. भोवतालची चिकण माती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो. तिथे मुरूम-मातीचा ४५ सेंटिमीटर उंच, दीड मीटर रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावावे. मुरमाड जमिनीत ६० सेंटिमीटरचा खड्डा आणि एक घमेले कुजलेले शेणखत पुरे. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, बुंध्यापासून हातभर लांब, भरपूर पाणी द्यावे. पुढे अंतर वाढवत न्यावे. रोप उंच पिशवीतलेच घ्या. आखूड पिशवीत सोटमूळ तळाशी वेटोळे घेते आणि ते झाड पुढे कधीच नीट रुजत नाही.

छाटणीवर तर लेखात एक ओळही नाही, आणि खरा घात तिथेच होतो. रोहिड्याची फुले आखूड बाजूफांद्यांच्या टोकांना, साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात. रस्त्याच्या दुभाजकांवर मात्र दिवाळीनंतर सगळ्या झाडांवर एकच कात्री फिरते. टोके गेली की फुले गेली! मग 'या जातीला बहर नाही' असा शेरा मारून झाड उपटतात. या झाडाचे सौंदर्य खाली झुकणाऱ्या फांद्यांत, नागमोडी कडांच्या राखट पानांत आणि पिवळ्या, केशरी, लाल तुताऱ्यांत आहे. त्याचा चेंडू कशासाठी करायचा? शेंगा वाळून बी उडाले की पावसाआधी फक्त सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. दोन झाडांत चार-पाच मीटर अंतर ठेवावे. रंग पहिल्या बहरालाच कळतो, तेव्हा एकाच रंगाची रांग हवी असणाऱ्यांनी बियांच्या रोपांवर भरवसा ठेवू नये.

आणखी एक. १९८३ पासून रोहिडा हे राजस्थानचे राज्यपुष्प आहे. राज्यवृक्ष खेजडी, म्हणजे आपली शमी. लेखात हे उलटे छापले आहे. शिवाय 'साल औषधी' एवढेच लिहून मोकळे होणे बरे नव्हे. आपल्याकडे 'रक्तरोहिडा' या नावाने दुसऱ्याच एका झाडाची सालही विकली जाते. ते झाड बोरीच्या कुळातले आहे, रोहिडा टेटू या झाडाच्या. दुरुस्ती छापताना दोन्ही झाडांची शास्त्रीय नावे द्यावीत.

– एक वाचक