कॉस्प्लेचा फोटो छापलात, पण ते पोशाख बनवतात कसे?

मा. संपादक,

आमच्या डोंबिवलीत एका छोट्या हॉलमध्ये झालेल्या कॉस्प्लेच्या, म्हणजे अॅनिमे (जपानी कार्टून) आणि कॉमिकमधल्या पात्रांसारखा पोशाख करून येणाऱ्या पोरांच्या मेळाव्याचा फोटो तुम्ही छापलात, बरं वाटलं, पण खाली ओळ काय तर 'तरुणाईचे अतरंगी अवतार'! अहो मी होते तिथे भाचीबरोबर, दिवसभर, आणि जाम मजा आली. एकाचं चिलखत बघून मी थांबलेच, चक्क लोखंडी वाटत होतं, "हात लावून बघा ना काकू" म्हणाला, तर ते बालवाडीत जमिनीवर अंथरतात ना, एकमेकांत अडकवायचे फोमचे मॅट, ते निघाले! कटरने कापायचे, हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, शेकले की वरची छिद्रं बुजतात आणि जसा वाकवाल तसा फोम गार झाल्यावर राहतो, मग चिकटवून रंग द्यायचा, आणि शेवटी खाचांमध्ये थोडा काळा रंग भरून वरून पुसून घ्यायचा म्हणजे लढाईतून आल्यासारखं दिसतं. घरच्या इस्त्रीवरही जमतं म्हणे, आईला कळू न देता.

भाची नेझुको झालेली, 'डीमन स्लेयर' या अॅनिमेतली तोंडात बांबू असलेली मुलगी. तिच्या गुलाबी किमोनोवर असानोहा म्हणून जुनी जपानी नक्षी असते, तसं कापड कुठे मिळेना म्हणून बाईसाहेबांनी स्टेन्सिल कापून फॅब्रिक पेंटने अख्खं कापड रंगवलं, तोंडातला बांबू म्हणजे चार्ट पेपरची सुरळी. तिथे एका मुलीच्या किमोनोची उजवी बाजू वर आली होती, तसा तर जपानात मेलेल्या माणसाला नेसवतात, भाचीने तिला हळूच बाजूला घेऊन सांगितलं आणि नीट नेसवून पण दिला, ओळख ना पाळख. मोठ्या शहरांतल्या कॉमिक कॉन या कॉमिकवाल्यांच्या महामेळाव्याच्या गर्दीत हे कुठलं होतंय, तिथे सेल्फी काढून पुढे ढकलतात. इथे परीक्षक मुली शिवण उलटून बघत होत्या!

काही लोक लगेच बहुरूप्यांची परंपरा वगैरे सांगायला लागतात, मला नाही पटत ते, त्यांचं पोट होतं त्यावर, हे हौसेचं काम आहे. 1939 ला न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक सायफाय (विज्ञानकथा) संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन नावाचे एक चाहते भविष्यातला पोशाख घालून गेले आणि नाव त्यांचं झालं, पण शिवला होता मर्टल डग्लस या बाईंनी, स्वतः पण त्या तसाच घालून गेल्या होत्या. शिवणारीचं नाव मागेच राहतं, तेव्हाही आणि आत्ता तुमच्या फोटोतही.

तर पुढच्या वेळी वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला एवढंच सांगा की फोटो काढायच्या आधी विचार, आणि 'तू कोण झालायस' याच्याबरोबर 'हे कशाचं केलंयस' हे पण विचार. वेळ काढून ये म्हणावं, पोरं लवकर सोडत नाहीत.

– एक वाचक, डोंबिवली पूर्व