नुसत्या उजेडाने गाठ मरत नाही

मा. संपादक यांस,
स. न.

प्रकाशकिरणांनी कॅन्सर बरा होतो, अशा आशयाचा मजकूर आपल्या आरोग्य पानावर आला आणि लगेच आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागला. उपचाराचे नाव त्यात बरोबर होते: फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे प्रकाशाने चेतणारे रंगद्रव्य औषध म्हणून देऊन गाठीवर प्रकाश टाकायचा. पण रंगद्रव्याचा उल्लेख ओझरता होता आणि ऑक्सिजनचा तर नव्हताच. परिणामी लोक विचारतात, घरी लाल दिव्याचा शेक घेतला तर चालेल का? चालत नाही. का चालत नाही, हे लोकांना कळलेच पाहिजे, म्हणून हे पत्र.

मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. नोकरीची बरीच वर्षे जिंतूरकडच्या डोंगरी गावांत गेली. उन्हाळ्यात चारा संपला की जनावरे बांधावरची घाणेरी खातात. तिने यकृत बिघडते. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. बिघडलेल्या यकृताला ते जमत नाही आणि ते रक्तातून कातडीत उतरते. मग ऊन लागले की कातडी जळते. काळ्या-पांढऱ्या संकरित गाईच्या पांढऱ्या पट्ट्यांवरची कातडी तडकून पापुद्र्यांनी सुटलेली आणि शेजारचा काळा पट्टा शाबूत, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोन्हींमधली सीमा बोटाने चाचपता येते. ऊन दोन्हीकडे सारखेच, पण काळ्या रंगाने ते आत जाऊ दिले नाही. अशा गाईला आम्ही आधी अंधाऱ्या गोठ्यात बांधायला सांगायचो, औषध त्यानंतर.

कॅन्सरवरच्या या उपचारात हीच रासायनिक क्रिया मुद्दाम आणि नेमक्या जागी घडवतात. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याला अॅक्रिडीन या रंगद्रव्यातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात असे आढळले. ते १९०० साली प्रसिद्ध झाले. या क्रियेला ऑक्सिजनही लागतो, हे त्याचे गुरू टॅपायनर यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवले. म्हणजे रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन, तिन्ही एकाच जागी हवेत. एक नसले तरी काही घडत नाही.

रंगद्रव्याचा रेणू लाल प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचेच चेतलेले रूप, तयार होतो. तो अतिशय जहाल, पण अल्पायुषी. पेशीच्या रुंदीचा शंभरावा हिस्साही ओलांडायच्या आत तो संपतो. म्हणून रंगद्रव्य जिथे बसले आहे तिथलेच पेशीचे पटल, तिथलीच प्रथिने जळतात. पेशी मरते, गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते. प्रकाश सलग दिला तर तिथला ऑक्सिजन संपून जातो, त्यामुळे काही ठिकाणी तो थांबून थांबून देतात.

रंगद्रव्य कॅन्सरच्याच पेशीत जास्त का साठते? एएलए या औषधाचे उदाहरण घ्या. त्यापासून पेशीत प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारे रंगद्रव्य बनते. निरोगी पेशी त्यात लोह बसवून त्याचे हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) करून टाकते. कॅन्सरच्या अनेक पेशींत लोह बसवणारे विकर (एन्झाइम) कमी पडते आणि प्रोटोपॉर्फिरिन साचते. निळ्या प्रकाशात तो भाग लाल चमकतो, म्हणजे डॉक्टरांना जागाही दिसते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. लाल प्रकाश शरीरात काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर शिरतो. खोल गेलेली किंवा अंगभर पसरलेली गाठ यात बसत नाही. फोटोफ्रिन हे जुने औषध दिल्यावर किमान महिनाभर उन्हापासून जपावे लागते. साधे सनस्क्रीन इथे कामाचे नाही. ते अतिनील किरण अडवते, आणि रंगद्रव्य तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेच पेटते. मे महिन्यात परभणीच्या उन्हात मजुरी करणाऱ्याने महिनाभर घरात बसून खायचे काय? एएलएचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून आपल्याकडे तेच जास्त सोयीचे वाटते. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर याचा अभ्यास झाला आहे: औषध पाजायचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त एलईडी यंत्राने तोंडात प्रकाश द्यायचा.

मराठवाड्याचा संबंध इथे येतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी टपरीवर मिळतेच. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळतो, आणि तोंड ही प्रकाश सहज पोहोचणारी जागा आहे. पण कॅन्सरची सुरुवात असू शकणारा चट्टा लहान असतानाच. आमच्याकडे माणूस दवाखान्यात येतो तो घास गिळेनासा झाल्यावर. तपासणी गावात होऊ शकत नाही, हे मला मान्य नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: एचपीव्ही या कॅन्सरला कारणीभूत विषाणूची तपासणी एकदाच केली, तरी ती झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हे आपल्याच गावांत घडले आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाने अलीगढसारख्या अभ्यासाचा विचार करावा आणि ग्रामीण रुग्णालयांनी बाजाराच्या दिवशी लोकांची तोंडे तपासावीत, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी लेसरच्या छायाचित्राऐवजी गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याचे छायाचित्र छापा, आणि तो दिसला तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी जायचे, हे त्याच चौकटीत द्या.

आपला वाचक,
एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी, जि. परभणी