दुसरी बॅटरी ठीक, पण फ्यूज कुठाय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फोर बाय फोर गाड्यांच्या मॉडिफिकेशनवर लेख आला होता, फोटो झकास होते त्यात वाद नाही, पण मुक्कामाला फ्रिज-लाइट चालवायला गाडीत बसवतात त्या दुसऱ्या बॅटरीचा विषय दोन ओळीत उरकलाय, की मूळ बॅटरीला पॅरलल वायर मारून घ्यायची आणि हे काम कुठलाही लोकल वायरमन तासाभरात करून देतो. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचंच काम करतो, तेव्हा आमच्याच लोकांना नावं ठेवायचा हेतू नाही, पण असल्या तासाभरात उरकलेल्या कामातूनच गाड्या जळतात हो.

पॅरलल म्हणजे काय, प्लसला प्लस, मायनसला मायनस. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात, इथवर सगळं छान. मग रात्री कुठंतरी तंबू ठोकला, फ्रिज चालू, लाइट चालू, सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला, की दोन्ही बॅटऱ्या जोडीनंच उतरतात आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट कट कट. म्हणजे ज्यासाठी एवढा खर्च केला तेच झालं नाही, उलट आता धक्का मारायला गाडी आणखी तीस किलोनं जड. म्हणून मध्ये आयसोलेटर लागतो, इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा. जुन्या जीपला, म्हणजे एमएम ५४० वगैरेला, लोक डॅशबोर्डखाली हातानं फिरवायचा मोठा स्विच लावायचे, तोही चालतो, पण रात्री तो बंद करायची आठवण राहिली पाहिजे ना.

आता जरा फ्यूजबद्दल, कारण लेखात तो शब्दच नाही. बॅटरी दोन झाल्या म्हणजे करंट दोन्हीकडून येणार, त्यामुळे मधल्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, आणि तोही टर्मिनलपासून वीतभर अंतरात, मध्येच कुठंतरी नाही. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पुढं फ्यूज असतो, मागं डिकीत, दुसऱ्या बॅटरीपाशी, काहीच नाही. वायर बॉनेटखालून आत घेताना फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून जाते, तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, घातलं नसेल तर पत्र्याची धार रोजच्या थरथरीनं इन्सुलेशन हळूहळू सोलत बसते. वरनं काळी टेप गुंडाळलेली असते, ती उन्हाळ्यात डिंकासारखी चिकट होऊन सुटते आणि एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं. गाडीचा पत्रा म्हणजेच मायनस. पुढचा फ्यूज उडेल, पण मागच्या बॅटरीला अडवणारं कोणीच नाही, तिच्यातून शेकड्यानं अँपिअर त्या वायरमधे घुसतात, वायर लाल होते, आणि तिच्या शेजारी असतं कार्पेट, फोम, प्लास्टिक. चावी काढून घेतली तरी हे थांबत नाही कारण ही वायर चावीवर नसतेच. सगळ्या गाडीच्या वायरिंगमधे एवढी एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघा.

दुसरं म्हणजे आयसोलेटरचा जुना प्रकार, ज्याला व्हीएसआर म्हणतात, व्होल्टेज बघून जोडणारा रिले. साधारण १३.३ व्होल्टच्या वर जोडतो, १२.८ च्या खाली तोडतो. स्वस्त, टिकाऊ, जुन्या गाड्यांना मस्त. पण १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे नियम, आले आणि त्याच्या आगेमागे पुष्कळ गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर आले. अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा. आधीचा अल्टरनेटर गाडी चालू असेपर्यंत १४ च्या आसपास देत राहायचा. हा स्मार्टवाला डिझेल-पेट्रोल वाचवायला पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो, आणि तुम्ही अॅक्सिलरेटरवरनं पाय काढला की परत पंधराच्या जवळ नेतो. व्हीएसआर बिचारा त्यामुळे सारखा जोडतो तोडतो, खंबाटकी उतरताना चार्जिंग चालू आणि सपाट हायवेवर बंद, आणि गिऱ्हाईक म्हणतं दिवसभर गाडी चालवली तरी मागची बॅटरी अर्धीच. बॅटरी खराब नसते तिथं. अशा गाडीला डीसी टू डीसी चार्जरच पाहिजे, जो आत येणारं व्होल्टेज कमीजास्त असलं तरी मागच्या बॅटरीला जेवढं लागतं तेवढंच बनवून देतो. ऑस्ट्रेलियातल्या रेडआर्कचे, हॉलंडच्या व्हिक्ट्रॉनचे ओळखीचे आहेत, महाग आहेत हे मान्य, पण बॅटरी मोठी घेऊन चार्जर वाचवायचा हा उलटा हिशोब झाला. चार्जर बसवताना तो मागच्या बॅटरीजवळ बसवायचा आणि त्याची इग्निशनची वायर फ्यूज बॉक्समधनं फ्यूज टॅप लावून घ्यायची, कंपनीचं हार्नेस, म्हणजे मूळ वायरिंग, कापून जोड मारला तर वॉरंटीला मुकाल.

आणि हो, नवीन गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तुमचं अर्थिंग थेट त्या खांबावर घेतलं तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही, त्याचा हिशोब चुकतो आणि मग स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं ते, वेड्यासारखं वागतं. अर्थ नेहमी सेन्सरच्या पलीकडं, चासीवर, तेही रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घ्यायचा.

वायरची जाडी. दुकानात चार स्क्वेअर एमएमची वायर पटकन मिळते आणि बरेचजण तीच ओढतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत फिरवून नेली की पाच मीटर सहज होते, २५ अँपिअर त्यातून गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच खल्लास, तेही फक्त प्लसच्या बाजूला. तीच वायर १६ स्क्वेअर एमएमची घेतली तर ०.१४ च्या आसपास जातो. साधी व्हीएसआर रिलेवाली सिस्टीम असेल तर हा अर्धा व्होल्ट म्हणजे बॅटरी कधीच फुल न होणं. चार्जर असला तर तो भरून काढतो, पण वायर गरम व्हायची ती होतेच. वायरच्या टोकाचं थिंबल पण क्रिंपिंग टूलनं दाबलेलं पाहिजे, हातोडीनं ठोकलेलं नको.

बॅटरी कुठली यावर लोक फार भांडतात, मला त्यात एवढा रस नाही, पण दोन गोष्टी बघवत नाहीत. एक म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी डिकीत ठेवून नायलॉनच्या दोरीनं बांधलेली. ती पाणी घालायची बॅटरी, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिरकी झाली की ॲसिड सांडतं, आणि पन्नासेक किलोचं धूड जोरात ब्रेक मारल्यावर तुमच्या पोराच्या डोक्याशी येतं. गाडीच्या आत ठेवायची तर सीलबंद एजीएम किंवा लिथियम, तीही ट्रेमधे बोल्टनं फ्लोअरला आवळून. दुसरं म्हणजे लिथियम बॉनेटखाली इंजिनच्या उष्णतेत बसवणं. आणि लिथियम घेऊन लडाख-स्पितीला थंडीत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते, चांगल्या बॅटरीतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग बंद करतो, स्वस्तातल्या लोकल पॅकमधे ती सोय असेलच असं नाही.

खरं सांगू, निम्म्या लोकांना दुसरी बॅटरी लागतच नाही. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण चार अँपिअर खातो, पण सारखा चालत नाही, रात्रभरात वीसेक अँपिअर-अवर धरा. पुढची बॅटरी ठणठणीत असेल तर एका रात्रीला निभतं, फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन हाय वर ठेवायचं म्हणजे तो वेळीच बंद होतो. दोनतीन रात्री एकाच जागी मुक्काम करणारे असतील त्यांनी जरूर बसवावी. विंचसाठी, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणाऱ्या मोटरसाठी, म्हणून बसवणारे पण येतात, त्यांना मी परत पाठवतो. पूर्ण लोडवर मोठा विंच चारशे अँपिअरच्या आसपास ओढतो, २५ अँपिअरचा चार्जर तिथं काय पुरणार, विंच पुढच्या बॅटरीवरच आणि इंजिन चालू ठेवूनच चालवायचा.

इन्शुरन्सचं कोणीच सांगत नाही. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी पॉलिसीत आयएमटी २४ नावाचं कलम असतं, वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के प्रीमियम भरून ती नोंदवता येते. पक्कं बिल घ्या, नोंद करा. उद्या गाडी पेटली आणि सर्वेअरला न नोंदवलेली बॅटरी दिसली की क्लेमच्या फाइलला पाय फुटतात.

आमच्या धंद्यातल्या पोरांचाही दोष कमीच आहे. डायनॅमोच्या काळात शिकलेल्या उस्तादाकडनं शिकलेली पोरं ती, स्मार्ट अल्टरनेटर त्यांना कोणी समजावून सांगितलेला नाही. कंपन्यांच्या डीलरनी आपल्या शहरातल्या बाहेरच्या इलेक्ट्रिशियनना वर्षातनं एक दिवस बोलावून एवढं शिकवलं तर त्यांचंच वॉरंटीचं डोकं हलकं होईल, आणि आयटीआयमधेही हे आलं पाहिजे. तुम्हाला मात्र एकच विनंती, पुढच्या रविवारी त्या लेखाच्या जागी छोटी चौकट छापा, की थेट पॅरलल जोडू नका आणि फ्यूज दोन्ही टोकांना लावा. फोटो नसला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा